धुऊन वाळवलेली गाणी

रघुनाथराव पांढुर्णा सोडून कायमचे बंगलोरला जाणार, ही बातमी मला रघुनाथरावांनी सांगितली नाही. ती मला न्हाव्यानं सांगितली. तीही माझ्या दोन्ही गालांना साबण लावून झाल्यावर, म्हणजे मला तोंड उघडून उलट प्रश्न विचारता येऊ नये अशा बेतानं. ज्या माणसाच्या तबल्याबरोबर चाळीस वर्षं माझी पेटी वाजली, त्याची बातमी न्हाव्याला आधी आणि मला नंतर? मी तहसील कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस आहे. कोणता कागद कोणाच्या टेबलावर आधी जावा, याची मला चाड आहे.

दाढी आटोपून तडक त्यांच्या घरी गेलो. ते ओसरीवर गरम पाण्याच्या पातेल्यात बोटं बुडवून बसले होते. अलीकडे सांधे आखडतात म्हणून डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं.

"रघुनाथ, हे मी काय ऐकून राहिलो?"

"शुभम न्यायला येऊन राहिला पुढच्या महिन्यात. म्हणे, बाबा, आता एकटं नाई राहायचं." त्यांनी पाण्यातून बोटं काढली नाहीत. "तुले सांगाले येणारच होतो मी. पण तू रडला असता."

"मी?"

"बरं, मी रडलो असतो. त्यापरीस न्हावी बरा."

मी खाली बसलो, आणि बसल्या बसल्या ठरवलं, की रघुनाथरावांना निरोपाची भेट म्हणून आमची गाणी द्यायची. त्या निश्चयाचं पुढं काय झालं, ते सांगतो.

आमच्या कलापथकाचं नाव 'पंचम'. माणसं तीन. मी पेटीवर, रघुनाथराव तबल्यावर, आणि गायला शाळामास्तरीण शकुंतलाताई. उरलेले दोघं येतील या भरवशावर नाव ठेवलं होतं. ते काही आले नाहीत. गणपतीच्या दिवसांत आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून लोधीखेड्यापासून मोहगावपर्यंत गावं घ्यायचो. मोहगावला एकदा ऐन गाण्यात लाइट गेली. माईक मेला, पण शकुंतलाताई थांबल्या नाहीत. अंधारात सगळा चौक इतका शांत झाला, की शेवटच्या रांगेत कोणी तरी सुपारी कातरत होतं त्याचा आवाज मला स्टेजवर आला. गाणं संपलं, लाइट आली, आणि लोकांनी तेच गाणं पुन्हा म्हणायला लावलं, माईक बंद ठेवून. मानधन म्हणून संत्र्यांची पेटी मिळायची. परतीच्या वाटेवर आम्ही ती ट्रॉलीतच सोलून संपवायचो, आणि तबल्याच्या शाईला सालीचा हात लागला म्हणून रघुनाथराव घर येईपर्यंत शिव्या द्यायचे.

गाणी आमचीच. शब्द शकुंतलाताईंचे, चाली माझ्या. कापूस वेचणीचं गाणं, जाम नदीचं गाणं, एक पाळणा. ती कुठंच लिहून ठेवलेली नव्हती, आणि रेकॉर्ड केलेली तर नव्हतीच. गेल्या दोन हिवाळ्यांत मात्र आम्ही ती एकेक करून माझ्या मागच्या खोलीत रेकॉर्ड केली. मुलगी केतकी पुण्याला नोकरीला गेली तेव्हा तिच्या इंजिनिअरिंगच्या वेळचा कॉम्प्युटर घरीच राहिला होता. तिनंच त्यात रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि एक माईक पाठवला. आवाज घुमू नये म्हणून मी चारही भिंतींवर गोधड्या लटकवल्या. माईकमध्ये घरघर येते म्हणून पंखा बंद, पाण्याची मोटर बंद, फ्रीज बंद.

"तुमचं गाणं जमते," आमची विजया म्हणायची, "अन् माझं दूध फाटते."

तर गाणी तयार होती. फक्त शेवटचं, नदीचं, थोडं राहिलं होतं. ते रघुनाथराव जाण्याआधी पुरं करायचं आणि सगळी एका पेन ड्राइव्हवर घालून त्यांच्या हाती द्यायची, एवढंच काम. आणि नेमक्या त्याच आठवड्यात कॉम्प्युटर चट्-चट् करू लागला. म्हणजे आम्ही गायचो नीट, पण ऐकायला गेलं की गाण्यात मधूनच कोणी फुटाणे भाजल्यासारखा आवाज यायचा.

केतकीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, बफर वाढवा."

आमच्याकडे लग्नात उभ्यानं जेवायची जी पद्धत आली आहे, तिला लोक 'बफर' म्हणतात. मला वाटलं, पोरीनं रघुनाथरावांच्या निरोपाच्या जेवणाबद्दल ऐकलेलं दिसतंय. मी म्हटलं, "वाढवू की. पण पंगतच बरी, रघुनाथची कंबर दुखते." केतकीनं फोन आईकडं द्यायला सांगितलं.

हे संभाषण कुंपणापलीकडून रामाजींनी ऐकलं. रामाजी आमचे शेजारी. धान्याची आडत सांभाळतात, पण सल्ला मात्र धान्याखेरीज सर्व विषयांवर देतात. ते लगेच आले, कॉम्प्युटरच्या मागच्या वायरींकडं वैद्यानं जिभेकडं बघावं तसं बघितलं आणि म्हणाले, "अर्थिंग गेलं तुमचं. मीठपाणी टाका अर्थिंगच्या खड्ड्यात."

"किती?"

"दबून टाका."

मी दबून, म्हणजे भरपूर, टाकलं. चट्-चट् तशीच राहिली. मात्र खड्ड्याशेजारचा विजयाचा मोगरा आठवडाभरात माना टाकून मेला. त्यानंतर दोन दिवस मला वरणात मीठ मिळालं नाही. "मीठ संपलं," विजया म्हणाली, "अर्थिंगमध्ये."

शेवटी केतकीनं फोनवर व्हिडिओ लावून मला कॉम्प्युटरची आतली परिस्थिती दाखवायला लावली आणि निदान केलं: डिस्क तुडुंब भरली आहे. एकेका गाण्याचे आम्ही वीस-वीस प्रयत्न केले होते, आणि बिघडलेले सगळे प्रयत्न आत साचले होते. "ते सगळं डिलीट करा बाबा, आणि चांगल्या गाण्यांचा आधी बॅकअप घ्या. एकच कॉपी कधी ठेवायची नाही."

बिघडलेलं सगळं मी डिलीट केलं. चट्-चट् खरंच थांबली. नदीचं गाणं त्याच दुपारी पुरं झालं. रघुनाथरावांनी बोटं शेकून घेतली होती तरी शेवटच्या ठेक्याला त्यांचा चेहरा कसनुसा झाला. वाजवून झाल्यावर तबल्यावर फडकं टाकत ते म्हणाले, "बस. हे शेवटचं. आता हात नाई चालणार बापा." विजयानं फ्रीज सुरू केला.

आता राहिला बॅकअप. रामाजींचा भाचा चेतन सौंसरला कॉम्प्युटरचं दुकान चालवतो. "घरचा आहे," रामाजी म्हणाले. घरचा माणूस आला म्हणजे त्याच्या कामाला नावं ठेवता येत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ असतो, हे मला कळायला हवं होतं. चेतन आला आणि सोबत एक हार्ड डिस्क घेऊन आला. काळ्या पेटीतली, चांगली अर्ध्या विटेएवढी आणि वजनालाही तशीच. "काका, ह्याच्यात सौंसर तालुका मावते."

गाणी तिच्यात मी स्वतः घातली. कॉम्प्युटरनं विचारलं, कट की कॉपी? आता कचेरीत एकाच कागदाची एक प्रत टेबलावर आणि एक कपाटात ठेवली, की पुढं खरी कोणती यावरून खटले चालतात. मी चाललेले पाहिले आहेत. मी कट केलं. टेबल साफ, कपाट भरलेलं. मला फार समाधान वाटलं. आणि कॉम्प्युटर रिकामा झालेला पाहून चेतन म्हणाला, "काका, आता बॅकअप हाये, तं नवीन विंडोज टाकून देतो." त्यानं टाकली. तिच्यात आमचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर राहिलं नाही, आणि तिला ती वीट ओळखता येईना. चेतन म्हणाला, "काई टेन्शन नाई. डिस्क घेऊन सौंसरले या, दुकानात पेन ड्राइव्ह बनवून देतो. वरून तुमच्या तिघांचा फोटोही छापू."

फोटो म्हटल्यावर मी इस्त्रीचा सदरा घातला. डिस्क टॉवेलात गुंडाळून एका पिवळ्या थैलीत ठेवली. थैली आमच्याकडच्या एका कापड दुकानाची; अर्ध्या जिल्ह्याचा भाजीपाला ह्याच थैलीतून फिरतो. बसमध्ये वर फळीवर ठेवली. सौंसर आलं तसा मी थैली उचलून उतरलो, चेतनच्या दुकानात गेलो, सदरा सारखा केला आणि काउंटरवर थैली उपडी केली.

वांगी निघाली.

हिरवी, देठाची, ताजी वांगी. एक घरंगळत जाऊन कोणाच्या तरी कीबोर्डवर थांबलं.

"चोरी!" मी ओरडलो, आणि वांगी गोळा करून तसाच स्टँडजवळच्या पोलीस चौकीत गेलो. तिथल्या हवालदारानं आमच्याकडच्या सरकारी हिंदीत शांतपणे विचारलं, "क्या गुम हुआ?"

"गाने."

"किसके?"

"हमारे."

त्यानं पेन खाली ठेवलं. मी त्याला हार्ड डिस्क समजावून सांगितली. मग त्यानं विचारलं, थैली पांढुर्ण्याच्या हद्दीत गेली की सौंसरच्या, की मधल्या कोणत्या गावाच्या? बस चालू होती. जन्मभर मी लोकांना हाच प्रश्न विचारून परत पाठवलं होतं, त्यामुळे त्यातली खोच मला लगेच कळली, आणि फार लागली. शेवटी त्याची नजर माझ्या हातातल्या थैलीवर गेली.

"इसमें क्या है?"

"भटे."

"आपके हैं?"

"नहीं."

"बस से पहले कौन उतरा? आप?"

"हां."

"तो बाबूजी," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "थैली आपने उठाई. चोरी तो आपने की."

अठ्ठावीस वर्षांची निष्कलंक नोकरी आणि हातात चोरीची वांगी! चौकीतल्या बाकावर बसलेला एक खिसेकापू माझ्याकडं आपुलकीनं बघून जरा सरकला आणि त्यानं मला जागा करून दिली. ती आपुलकी मी अजून विसरलेलो नाही.

मला समज देऊन सोडण्यात आलं. स्टँडवर आलो तर तीच बस परतीला लागलेली. कंडक्टर श्रावण थैली पाहताच म्हणाला, "वांग्याची ना? मनकर्णाबाईची हाये, रामाकोन्याची. पांढुर्ण्याच्या लेकीच्या वाडीतून घरी नेते नेहमी. तुम्ही तं उचलून चालले गेले, बाई बिचारी रामाकोन्यापर्यंत 'माही थैली जड कशी झाली' म्हणून राहिली होती."

त्या दिवशी रामाकोन्याच्या बसची वेळ निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी विजयाला म्हटलं, "ती वांगी दे."

"कोणती?"

"थैलीतली."

"त्याचं तं रात्री भरीत केलं," विजया म्हणाली. "दोनदा मागून घेतलं तुम्ही."

रिकामी थैली घेऊन रामाकोन्याला गेलो. मनकर्णाबाई सत्तरीपलीकडच्या, खणखणीत. मी दारात उभं राहून वांग्यांबद्दल माफी मागितली. भरीत झालं हे ऐकून त्या म्हणाल्या, "गोड लागलं का?" मी हो म्हटलं. "मंग झालं तं! आन् भाऊ, तुमची वस्तू म्या जिवापाड ठेवली. या."

त्यांनी मला आत नेलं. आंब्याच्या लोणच्याची बरणी होती, तोंडाला पांढरा दादरा बांधलेला, आणि त्यावर दाब म्हणून आमची हार्ड डिस्क. रघुनाथरावांनी आयुष्यभर दादरा वाजवला. शेवटी सगळी गाणी दादऱ्यावरच जाऊन बसली होती. डिस्क अशी लख्ख चमकत होती, की मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, नुसतीच तर ठेवली आहे.

"लोणच्याले पारोसं चालत नाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. "म्हून साबणानं घासून घासून धुतली. फटीत मळ राहतो ना, तं बादलीत बुडवून ठेवली रातभर. आता उन्हात वाळवून आत्ताच ठेवली पाहा."

मी तिथंच भिंतीला टेकलो. त्यांना वाटलं, ऊन लागलं. गूळपाणी दिलं. काय झालं ते मी त्यांना सांगितलं नाही. सांगून त्यांच्या जिवाला घोर कशाला? निघताना त्यांनी थैलीत लोणच्याची एक छोटी बरणी घातली आणि वर ती डिस्क, पुन्हा एकदा पदरानं पुसून.

चेतननं डिस्क हलवून पाहिली. आतून पाण्याचा एक थेंब त्याच्या काउंटरवर पडला. "काका," तो म्हणाला, आणि फडक्यानं तो थेंब पुसून घेतला.

घरी शकुंतलाताई आल्या होत्या. मी सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "पाळणाही गेला?" त्यांनी विचारलं. पाळणा त्यांनी त्यांच्या मुलीसाठी लिहिला होता. ती मुलगी आता स्वतः आजी होण्याच्या वयाला आली आहे. "पुन्हा म्हणीन मी," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण तबला?"

रघुनाथरावांना मी सांगितलंच नाही. आता मीच न्हाव्याकरवी कळवावं काय, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

चेतनला मात्र ही गोष्ट लागली. 'घरचा' असल्याचा हा एक फायदा म्हणायचा. तो आमच्या घरी येऊन बसला आणि म्हणाला, कॉम्प्युटरच्या डिस्कवरून जे पुसलं जाते ते खरंच जात नाई, त्याच्यावर दुसरं काही बसेपर्यंत आतच राहते. शोधणारं एक सॉफ्टवेअर आहे. त्यानं ते लावलं. कॉम्प्युटर दुपारभर कण्हत राहिला. रामाजींनी कुंपणावरून दोनदा मिठाची आठवण दिली. संध्याकाळी चेतननं हाक मारली, "काका, येऊन राहिलं! काही तरी येऊन राहिलं!"

आलं, ते आम्ही डिलीट केलेलं आलं. नवीन विंडोज नेमकी चांगल्या गाण्यांच्या जागेवर जाऊन बसली होती आणि एकही गाणं सापडलं नाही. जे जिवापाड जपलं ते गेलं, आणि जे रद्दी म्हणून फेकलं ते सगळंच्या सगळं परत आलं. एकूण एक बिघडलेला प्रयत्न.

रघुनाथराव जायच्या दिवशी सकाळी आम्ही तिघं आणि विजया मागच्या खोलीत बसलो. गोधड्या अजून भिंतींवर होत्या. मी सगळं खरं सांगितलं: कट, विंडोज, वांगी, चौकी, साबण. रघुनाथराव फक्त म्हणाले, "लाव."

मी लावलं. कापसाचं गाणं सुरू झालं, आणि दुसऱ्याच ओळीला कुकरची शिट्टी. "विजे!" असा माझा आवाज. "मंग डाळ कच्ची खाता का?" असा विजयाचा. पुढच्यात शकुंतलाताईंना मध्येच हसू फुटलं होतं. कशाचं ते आठवेना, पण ते इतकं लांबलं होतं की ऐकता ऐकता त्या पुन्हा हसू लागल्या आणि मग पदर डोळ्यांना लावला. एकात रामाजी बाहेरून विचारत होते, नळ आला का. एकात कोणीच गात नव्हतं. रघुनाथराव हातोडीनं तबला लावत होते, ठक्, ठक्, आणि मी एकच सूर धरून बसलो होतो. आम्ही तेही सगळं ऐकलं. पाळण्याचे नऊ तुकडे होते, एकही पुरा नाही, पण प्रत्येकात तबला होता. आणि नदीच्या गाण्यात तर भांडणच: लय कोणी वाढवली, तबल्यानं की पेटीनं. "दत्तू, तुले सांगतो, मी चाळीस वर्षांत कधी..." एवढ्यावर ते तुटलं होतं.

रघुनाथरावांनी नाक पुसलं. "हेच दे मले," ते म्हणाले. "चांगलं तं लोक ऐकतात. हे आपलं हाये."

चेतननं पेन ड्राइव्ह करून दिला. शुभमनं गाडी आणली, सामान चढवलं. रघुनाथराव गाडीत बसले आणि काच वर होईपर्यंत माझ्याकडं न बघता समोर बघत राहिले. मीही रस्त्याकडं बघत राहिलो. आम्ही दोघांनी अगदी ठरवल्यासारखं केलं.

पुढं पंधरवडा त्यांचा फोन नाही. आला तो दुपारी, मी जेवून आडवा झालो असताना.

"दत्तू, पुन्हा ऐकलं मी. नदीचं. लय तूच वाढवली होती."

त्यांचा आवाज जरा लांबून आल्यासारखा वाटला. म्हटलं, माणूस परगावी आहे, बोटं दुखतात, कशाला वाद? "असेल बाबा," मी म्हणालो. "माझंच चुकलं असेल."

रघुनाथराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज दुखावलेला होता, "इथं सगळे मले अंकल म्हणतात, दत्तू. मी काहीही म्हटलं तरी 'येस अंकल, करेक्ट अंकल' करतात. भांडाले एक माणूस नाई ह्या अख्ख्या गावात. आता तूही सुरू झाला?"

मी उठून बसलो. उशी पाठीशी घेतली.

"तू वाढवली होती लय, भैताडा," मी म्हटलं. "तेव्हाही तूच, आणि मोहगावलाही तूच!"

पलीकडून एक मोठा, समाधानाचा सुस्कारा ऐकू आला, आणि खुर्ची पुढं ओढल्याचा आवाज.

"हां," रघुनाथराव म्हणाले. "आता बोल."